पाठीला लागलेली गार हवा

वेधशाळेतल्या वारेकाकांना लोक सहसा दोनच प्रश्न विचारत: उद्या पाऊस पडेल का, आणि तुम्ही दिवसभर तिथे करता तरी काय. पहिल्याचं उत्तर देणं त्यांच्या कामात बसत नव्हतं आणि दुसऱ्याचं उत्तर पुरतं ऐकायला कोणी थांबत नसे.

काम तसं सोपं होतं. शहराबाहेरच्या टेकडीवर एक खोली, छपरावर उंच खांब, खांबाच्या टोकाला वाऱ्याने गरगरणाऱ्या तीन वाट्या आणि शेजारी दिशा दाखवणारा बाण. खाली खोलीत एक पितळी दंडगोल घड्याळाच्या चालीने फिरायचा आणि त्यावर गुंडाळलेल्या कागदावर एक लेखणी वाऱ्याचा वेग रेघेने काढत जायची. दर तीन तासांनी वारेकाका बाहेर येत, दहा मिनिटं मान वर करून वाट्यांकडे बघत, आत जाऊन रेघेशी ताळा जुळवत आणि मग नोंदवहीत आकडा लिहीत. यंत्र असताना मान कशाला मोडून घेता, असं एका नव्या साहेबाने विचारलं. "यंत्राला सोबत म्हणून," ते म्हणाले. साहेब हसला. वारेकाका विनोद करत नसत.

हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. लग्न केलं नाही. त्याची कारणं त्यांनी कुठे नोंदवून ठेवलेली नाहीत. रक्ताचं माणूस म्हणजे एक धाकटी बहीण. तिचा नवरा अग्निशमन दलात अधिकारी होता. सगळं शहर त्याला बंबसाहेब म्हणे. मेहुण्या-मेहुण्यांचं चांगलं जमायचं. एकाला वारा हवा असे, दुसऱ्याला नको असे, पण बोलायला विषय मिळायचा. रविवारी दोघं बहिणीच्या गॅलरीत बसत आणि समोरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून वाऱ्याचा वेग ठरवत. बहीण आतून ओरडायची, "कपडे आत आणा म्हटलं होतं, वारा मोजा नव्हे!"

मोठी आग लागली की बंब निघायच्या आधी वेधशाळेत फोन करायचा, हा बंबसाहेबाने पाडलेला रिवाज. कारण उघड होतं. बंब वाऱ्याच्या अंगाला लावायचा, म्हणजे धूर आणि ज्वाळा पलीकडे जातात. वारा पाठीवर, आग तोंडासमोर. भरती झालेल्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि निवृत्त झालेला म्हातारा शेवटच्या दिवसापर्यंत हेच विसरत नाही. वारा तोंडावर आला तर तू चुकीच्या जागी उभा आहेस, पाठीवर आला तर बरोबर.

त्या दिवशी उन्हाळ्यातल्या भर दुपारी पावणेतीनला बंबसाहेबाचा फोन आला.

"दादा, हवा सांगा."

"शांत."

"शांत म्हणजे किती?"

"शून्य. वाट्या हलत नाहीयेत. सकाळपासून तीच गत आहे. काय पेटलंय?"

"लाकडाची वखार."

"लाकूडच पेटलंय का?"

"वखारीत दुसरं काय पेटणार, बर्फ? चला, म्हणजे चारी बाजू सारख्या."

"सारख्या."

वेधशाळेच्या भाषेत ताशी एक किलोमीटरच्या खाली वारा असला की रकान्यात शून्य लिहायचं आणि तोंडाने "शांत" म्हणायचं. वारेकाकांनी शून्य लिहिलं, वेळ लिहिली. ती नोंद अचूक होती. या गोष्टीत पुढे जे जे झालं त्यात ती एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत अचूक राहिली.

चारी बाजू सारख्या म्हटल्यावर बंबसाहेबाने पाण्याच्या जवळची बाजू धरली. वखारीत लाकडांच्या दोन मजली थप्प्या होत्या आणि त्यांच्यामधून एक अरुंद बोळ आत जात होता. बोळाच्या तोंडाशीच पाण्याचा नळ. बंब बोळात घातला. चार माणसं नळी घेऊन पुढे झाली. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या पाठीला गार हवा लागायला लागली. बंबाचा ड्रायव्हर नंतर सांगत होता, "साहेब म्हणालेसुद्धा, बघा, जागा बरोबर सापडली. वारा पाठीवर आलाय."

तो वारा आगीचा होता. आग मोठी झाली की तिच्यावरची हवा तापून सुसाट वर जाते आणि तिची जागा भरायला चहूबाजूंनी खालून हवा ओढली जाते. वखार पेटल्यावर ती हवा येणार कुठून? थप्प्यांमधून येता येत नाही, म्हणून बोळातून. बोळ म्हणजे त्या आगीचं नाक होतं आणि माणसं नाकपुडीत उभी होती. ती हवा जितकी गार लागत होती तितकी आग जोराने श्वास घेत होती.

पुढचं अवघ्या मिनिटाभरात झालं. बोळातून येणारी हवा आगीच्या मधोमध न जाता एका कडेने घुसत होती, म्हणून ती आत जाऊन गोल फिरायला लागली. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरवताना दोरी बोटाभोवती गुंडाळत गेली की दगडाच्या फेऱ्या भरभर होतात, तसंच इथेही होतं: वर ओढली जाणारी हवा जशी बारीक होत जाते तशी ती जोरात फिरते. आगीचा एक खांब उभा राहिला. ड्रायव्हरच्या शब्दांत, "सरळ. ताडाच्या झाडासारखा. आणि आवाज विमानाचा." बाहेर जोराचा वारा असता तर हा खांब वाकला असता, मोडला असता. त्या दिवशी त्याला मोडायला कोणी नव्हतं. हवा शांत होती.

खांब जागचा हलला आणि बोळात आला. बंबसाहेबाने चौघांना मागे ढकललं आणि बंब मागे घ्यायची खूण ड्रायव्हरला दिसावी म्हणून स्वतः चार पावलं पुढे गेला. चौघं भाजले, पण वाचले. तो वाचला नाही.

अग्निशमन केंद्राच्या दारात एक काळ्या दगडाची पाटी आहे. कामावर असताना गेलेल्यांची नावं तिच्यावर कोरलेली. पण नियम असा की मृत्यू स्वतःच्या चुकीने झालेला नसावा. ते ठरवायला तीन जणांची चौकशी समिती बसली. अध्यक्ष पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर, दुसरे एक वकील, तिसरे दोघांकडे आळीपाळीने बघून मान डोलावणारे.

बहिणीच्या घरी मात्र समिती आधीच बसली होती. तिचे सासरे त्याच केंद्रातून निवृत्त झालेले, छत्तीस वर्षं बंब चालवलेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते खुर्चीतून एकच सांगत: "बोळात बंब घालत नाहीत. आम्ही नाही घातला कधी. साहेब झाला ना, शहाणा झाला." लोक पाण्याचा ग्लास हातात धरून मान खाली घालत. मुलाचा फोटो भिंतीवर लावायला म्हाताऱ्याने मनाई केली होती. "आधी चौकशी होऊ दे. चुकला असेल तर कपाटात बरा आहे." फोटो कपाटात साड्यांच्या घडीखाली होता.

वारेकाकांना साक्षीला बोलावलं तेव्हा ते तयारीनिशी गेले. एकतीस वर्षांत वाऱ्याबद्दल त्यांना हो-नाहीच्या पलीकडे पहिल्यांदाच कोणी काही विचारणार होतं. अकरा पानांची टिपणी, सहा आकृत्या आणि एका पिशवीत तेलाचा उभा कापलेला डबा. दुःख त्यांना होतंच. पण दुःखात असलेल्या माणसालाही आपल्याला एखादी गोष्ट नीट येते याचं सुख लपवता येत नाही, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसत होतं.

"वारा होता की नव्हता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नव्हता."

"ड्रायव्हर म्हणतो पाठीला हवा लागत होती."

"लागत होती. ती आगीने ओढून आणली."

"म्हणजे होता."

"वखारीत होता. शहरात नव्हता."

"वखार शहरातच आहे ना?" वकील म्हणाले. तिसऱ्यांनी मान डोलावली.

"आमच्या अहवालाच्या नमुन्यात सातवा रकाना आहे," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "वारा: दिशा आणि वेग. तिथे मी काय लिहू?"

"दिशा चहूकडून आत. वेग आगीला विचारून."

हे समितीला उद्धटपणाचं वाटलं. वारेकाकांना ते अगदी नेमकं उत्तर वाटत होतं. त्यांनी पिशवी उघडली. डब्याचे दोन अर्धे भाग टेबलावर समोरासमोर उभे केले, जरासे सरकवून, म्हणजे दोन बाजूंना दोन उभ्या फटी राहिल्या. मध्ये बशी, बशीत रॉकेलने भिजवलेला कापूस. काडी लावली. ज्योत बोटभर आली आणि पंख्याच्या वाऱ्याने आडवी होऊन फडफडत राहिली.

"पंखा बंद करावा लागेल."

"इतक्या उकाड्यात?"

"शांत हवेतच होतं ते. तेच तर दाखवायचंय."

पंखा बंद झाला. दोन फटींतून हवा तिरकी आत शिरली, ज्योत एकदा डोलली, फिरायला लागली आणि बघता बघता हातभर उंच, दोरीसारखी पिळलेली, टेबलाच्या मधोमध उभी राहिली. खोलीत कागदाचं पानसुद्धा हलत नव्हतं. कोणीतरी चांगलं निरीक्षण करणारं तिथे असतं तर चौकशी तिथेच संपली असती. तिसरे सदस्य खुर्चीसकट मागे गेले, शिपायाने पाण्याचा तांब्या ओतला, आणि सहा आकृत्या भिजल्या. त्या दिवसाच्या इतिवृत्तात एवढंच आहे: "साक्षीदाराने सभागृहात आग लावली. ती वेळीच विझवण्यात आली."

अध्यक्षांनी पंखा सुरू करवला आणि निष्कर्ष मोठ्याने बोलून बघितला. वारा नव्हता. म्हणजे नैसर्गिक कारण नव्हतं. म्हणजे जागा निवडण्यात अधिकाऱ्याची चूक झाली.

"तसं नाही," वारेकाका म्हणाले.

"मग वारा होता, आणि तुम्ही सांगितला नाही, असं म्हणायचंय का?" वकिलांनी विचारलं.

"तसंही नाही."

"या दोन्हीपैकी एक असणार."

अकरा पानांत नेमकं हेच लिहिलं होतं, की दोन्हीपैकी एकही नाही. पण ती पानं ओली होती.

चार दिवसांनी बहीण टेकडी चढून वेधशाळेत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खोलीत एकच खुर्ची होती, ती तिने घेतली नाही.

"काय सांगितलंस तिथे?"

"खरं ते."

"त्या वकिलाने मला सांगितलं, दादा. तुझ्या खऱ्याचा अर्थ ते काय लावणार आहेत ते. वारा होता आणि तो कळवला गेला नाही, एवढं कोणी म्हटलं तर ह्यांच्यावर काही येत नाही. पाटीवर नाव लागतं."

"पण नव्हता ना वारा."

"मला माहीत आहे नव्हता!" ती ओरडली. मग आवाज खाली आणला, कारण तिला घरी तशी सवय लागली होती. "रोज सकाळी चहा देते आणि म्हातारे चहा घेता घेता माझ्या नवऱ्याला मूर्ख म्हणतात. मी काय त्यांना तुझा डबा कापून दाखवू?"

"मी येऊन समजावतो त्यांना."

"तू समजावू नकोस." ती दंडगोलावरच्या रेघेकडे वळली. "एवढं एक शून्य. ह्यांच्या नावापेक्षा मोठं आहे का रे ते?"

यावर देण्यासारखं उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी दिलं नाही. त्यांना ओळखणाऱ्यांना यावरून त्यांच्या मनाची काय अवस्था होती याचा अंदाज येईल.

दोन दिवसांनी त्यांनी समितीला दुसरा जबाब लिहून दिला. आयुष्यातली ही त्यांची पहिली खोटी नोंद, आणि तीही त्यांनी सुवाच्य अक्षरात, समास सोडून, तारीख-वेळ घालून लिहिली. घटनेच्या दिवशी फोन आला तेव्हा मी वाट्यांकडे बघितलं नव्हतं, अंदाजाने "शांत" म्हणालो, प्रत्यक्षात वारा असावा, चूक सर्वस्वी माझी. खाली सही. एक प्रत त्यांनी स्वतःकडे ठेवली. प्रतीशिवाय कागद बाहेर सोडायचा नाही ही सवय खोटेपणातही सुटली नाही.

अध्यक्ष माणूस भला होता. त्यांनी वारेकाकांना एकट्याला बोलावलं, चहा मागवला.

"हे बघा, मेहुणे होते तुमचे. तुमच्या मनाला काय लागलं असेल ते मी समजू शकतो."

"मी लिहिलंय ते खरं आहे."

"मी तुमच्या दंडगोलावरचा कागद मागवून घेतला. पावणेतीनला रेघ जमिनीला टेकलेली आहे. तुम्ही बघितलं नसेल तरी यंत्राने बघितलंय. आणि यंत्राचं राहू द्या, मागच्या वीस वर्षांच्या तुमच्या नोंदवह्या काढल्या. एका जागी खाडाखोड नाही हो! असला माणूस अंदाजाने बोलेल? मला नाही पटत."

"माणूस चुकतो."

"माणूस चुकतो," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "पण तुम्ही नाही." आणि त्यांनी तो दुसरा जबाब वारेकाकांच्या हितासाठी फायलीला लावलाच नाही.

महिन्याने अहवाल आला. हवा शांत होती, हे वेधशाळेच्या निर्दोष नोंदींवरून निर्विवाद सिद्ध होतं. अशा हवेत बंब अरुंद बोळात नेणं हा अधिकाऱ्याचा अविचार. पाटीवर नाव नाही. शेवटच्या पानावर वेधशाळेच्या निरीक्षकांची शिस्त इतर खात्यांनी आदर्श म्हणून समोर ठेवावी, असा शेरा होता. वेधशाळेच्या साहेबाने तो परिच्छेद चौकटीत घालून भिंतीवर लावला, वारेकाकांच्या टेबलासमोर. त्यांनी मान वर केली की आधी तोच दिसायचा.

अहवालाचं म्हाताऱ्याला कळायच्या आत वारेकाका बहिणीकडे गेले. दोन मजले चढले. तिने दार उघडलं, आत घेतलं नाही, दारातच विचारलं, "शेवटी तेच सांगितलंस ना?"

त्यांनी खिशातून दुसऱ्या जबाबाची प्रत काढून दिली. तिने ती उभ्याने वाचली, परत वाचली.

"हे कधी दिलंस?"

"तू येऊन गेलीस त्याच्या दोन दिवसांनी. त्यांनी घेतलं नाही."

"म्हणजे तू खोटं लिहून दिलंस?"

"हो."

"माझ्यासाठी?"

तिने कागदाची घडी घातली, आणि क्षणभर असं वाटलं की ती त्यांना आत बोलावेल, बसवेल. ती आत गेली, पण कागद घेऊन. मागोमाग तेही गेले.

"बाबा," ती सासऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "निकाल लागला. हा बघा कागद." आणि तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. वाट्यांकडे बघितलं नव्हतं. अंदाजाने म्हणालो. वारा असावा. चूक सर्वस्वी माझी. सही कोणाची ते तिने वाचलं नाही, नुसतं बोट दाखवलं. अहवालाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि दारापाशी उभ्या असलेल्या वारेकाकांकडे बघितलं.

"न बघता सांगितलंस?"

बहीण त्यांच्याकडे बघत होती. इतकं स्थिर त्यांनी कोणाला बघताना पाहिलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"छत्तीस वर्षं आम्ही तुमच्या लोकांवर विसंबून बंब लावले." म्हाताऱ्याचा आवाज वाढला नाही. "माझं पोर त्या बोळात तुझ्या शब्दावर गेलं. आणि मी मेला त्यालाच शिव्या घालत बसलोय इतके दिवस." मग सुनेकडे वळून, "फोटो काढ गं कपाटातून. कुठे दडवलायस?" जणू तिनेच दडवला होता.

ती आत गेली. फोटो घेऊन आली, म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. म्हातारा त्याच्यावरून पालथा हात फिरवत राहिला आणि वारेकाका खोलीत आहेत हे विसरून गेला. किंवा विसरला नसेल.

ती त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला आली. दार तिने मागे ओढून घेतलं.

"गल्लीत सगळ्यांना हेच सांगणार आहे मी. चालेल ना?"

"सांग."

"त्या अहवालाचं कोणी विचारलं तर म्हणेन, सरकारी माणसांनी एकमेकांना वाचवलं. लोकांना ते पटतं. आणि दादा, तू आता येत जाऊ नकोस."

"रविवारी पण?"

"रविवारी पण. त्यांचा राग आज आहे, उद्या कमी होईल. मग ते तुला विचारतील, असं कसं झालं, वारा किती होता, कुठून होता." तिने त्यांच्या सदऱ्याची बाही नीट केली, लहानपणी ते तिची करायचे तशी. "आणि तू सांगायला बसशील. तुला समजावून सांगायची खोड आहे."

"नाही सांगणार."

"सांगशील."

वारेकाका दोन पायऱ्या उतरले आणि वळले. "पण एक आहे," ते म्हणाले. "बाहेर जोराचा वारा असता ना, तर तो खांब उभाच राहिला नसता, म्हणजे मी जर खरोखर चुकीचं सांगितलं असतं आणि प्रत्यक्षात वारा असता, तर—"

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही.